ही बाई बसते कुठे?

९ जानेवारी, सोमवार

इंटिरिअर डिझाइनच्या वर्गात मॅडमनी प्रत्येकाला एक वही ठेवायला सांगितली आहे. रोज काय मोजलं, काय खोडलं, काय सुचलं ते लिहायचं आणि सत्राच्या शेवटी तपासायला द्यायचं. मी दोन वह्या आणल्या. एक त्यांना दाखवायची आणि एक ही. बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले. साहेबाला दाखवायचा कागद वेगळा आणि स्वतःजवळ ठेवायचा वेगळा, एवढं मला कुणी शिकवायला नको.

वर्गात आम्ही बावीस जण. एकवीस विशीच्या आतबाहेरचे आणि मी एकसष्ट. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तेव्हा सगळी उभी राहिली, त्यांना वाटलं मीच शिकवणार. मग मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि व्हायचं ते हसं झालं. आता सगळे काका म्हणतात आणि रेघ मारून द्या म्हणून मागे लागतात. माझ्यासारखी रेघ वर्गात कुणाची येत नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

या सत्राचं काम असं: एक खरं घर घ्या, त्यातलं एक खरं माणूस घ्या, आणि त्या माणसासाठी घर नव्याने मांडा. त्या माणसाला ग्राहक म्हणायचं. पोरांनी कुठून कुठून मावश्या आणि घरमालकिणी शोधून काढल्या. मला शोधायची गरजच पडली नाही. घर माझं, ग्राहक आमची ही.

ही सध्या लेकीकडे आहे. बाळंतपणाला म्हणून गेली, तीन महिन्यांच्या बोलीवर. येत्या मार्चात दोन वर्षं होतील. गाडीने नऊ तास लागतात, त्यामुळे ऊठसूट जाणं-येणं होत नाही. मी मनाशी सरळ हिशेब केला आहे. आमच्या घराचा रंग उडालाय, ओटा एका बाजूने खचलाय, कपाटांची दारं लागत नाहीत. असल्या घरात परत यायला कुणाला हौस असेल? तिला आवडेल असं घर करून दाखवलं की ती येईल. या अभ्यासक्रमाला मी नाव घातलं ते त्यासाठीच. मॅडमच्या वहीत मात्र ‘निवृत्तीनंतरचा छंद’ असं लिहिलं आहे.

१५ जानेवारी, रविवार

रविवारी अकरा वाजता फोन करायचा, हे आमचं ठरलेलं आहे. चार मिनिटं चालतो. आज पाच झाली.

नातू पाळणाघरात जायला लागला, रडत नाही, उलट घरी यायला रडतो म्हणे. मी विचारलं, घर कसं हवं तुला, मोकळेपणाने सांग, मी सगळं लिहून घेतोय. ती म्हणाली, आहे ते ठीक आहे. मी म्हटलं, अगं, ग्राहकाने असं बोलून कसं चालेल? त्यावर ती जराशी हसली.

मग म्हणाली, तिचे गरम कपडे पाठवून द्या, सगळे, ट्रंकेतला लांब कोटसुद्धा. थंडी आता महिन्याभरात सरेल. तो कोट तिथे पोचेपर्यंत परत आणायची वेळ येईल. पण तिचं काम पहिल्यापासून असंच, सगळं काटेकोर. उद्या पार्सल करतो.

नातू पाळणाघरात जातो तर आता तिथे हिचं काय काम उरलं, असा एक विचार मनात आला. पण नातवाचा लळा असतो, तो काही पाळणाघराने सुटत नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

घराची मापं पूर्ण झाली. एकट्याने टेप धरायची म्हणजे नाकी नऊ येतात. एक टोक चिकटपट्टीने भिंतीला लावायचं, दुसऱ्या टोकाला पोचलं की पहिलं सुटतं. हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, सगळं मिलिमीटरपर्यंत मोजलं. प्लॅन असा काढलाय की मॅडम तो हातात घेऊन नुसत्या पाहत राहिल्या.

आता त्यावर ‘वापराचा नकाशा’ काढायचा आहे. घरातल्या प्रत्येक माणसाला एक रंग. तो माणूस सकाळी उठल्यापासून कुठून कुठे जातो त्याची रेघ मारायची, आणि जिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबतो तिथे ठिपका द्यायचा. मी निळा, ही लाल.

एकमेकांचं काम तपासायला मला जोडीदार म्हणून एक चष्मेवाली पोरगी दिली आहे. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरतो आणि तोंडाचा पट्टा थांबत नाही.

२४ जानेवारी, मंगळवार

आज वर्गासमोर नकाशे लावले. माझ्या निळ्या रेघेवर अकरा ठिपके. पलंग, खिडकीजवळचं टेबल, हॉलमधली खुर्ची, पुन्हा टेबल, असे. लाल रेघ मी आठवून आठवून काढली होती. ओट्याजवळ मोठा ठिपका, पलंगावर दुसरा. बाकी नुसती रेघ. दारापासून ओटा, ओट्यापासून माझं टेबल, टेबलापासून बाथरूम, परत ओटा.

चष्मेवाली म्हणाली, काका, काकू दिवसभर चालतच असतात का हो? वर्ग हसला, मीही हसलो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीचं टोक लाल रेघेवरून फिरवलं, सगळीकडे, अगदी सावकाश, आणि विचारलं, “ही बाई बसते कुठे?”

मी म्हटलं, बसते की. त्या म्हणाल्या, दाखवा. मी कागदाकडे पाहत उभा राहिलो. हॉलमध्ये खुर्च्या दोन, एक माझी. दुसरीवर माझ्या नकाशांच्या गुंडाळ्या असतात. पुढच्या वेळी ठिपका घेऊन या, म्हणाल्या आणि पुढच्या पोराकडे गेल्या. तोंडात मारल्यासारखा मी जागेवर येऊन बसलो.

२९ जानेवारी, रविवार

फोनवर पहिलाच प्रश्न तो विचारला. तू आपल्या घरात बसायचीस कुठे?

म्हणाली, आज हे काय काढलंत? मी म्हटलं, मॅडमना ठिपका हवाय. ती म्हणाली, बसत होते की कुठेतरी, आता काय त्याचं.

मग तिचं शिलाई मशीन पाठवायला सांगितलं, जे इथे कित्येक वर्षं नुसतं झाकून पडलं आहे. पाय काढून वेगळे बांधा, डोकं जुन्या चादरीत गुंडाळा, वगैरे सूचना दिल्या. तिथे लेकीच्या इमारतीतल्या बायका कपडे उसवून, आवळून घ्यायला येतात म्हणे. मी म्हटलं, एवढं जड धूड न्यायचं आणि परत आणायचं, दुप्पट व्याप. तिने फोन जावयाकडे दिला. तो माझ्या गुडघ्याची चौकशी करत राहिला.

२ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन रवाना केलं. दोन दिवस त्यातच गेले. पायांना कागद, कागदावर पुठ्ठा, प्रत्येक स्क्रू छोट्या पिशवीत आणि पिशवीवर क्रमांक. कसं जोडायचं त्याचा नकाशाही काढून आत ठेवला, तिन्ही बाजूंनी. पार्सलवाला म्हणाला, इतकं नीट बांधलेलं त्याने आजवर पाहिलं नाही. झोपायच्या खोलीत मशीनच्या जागी चार खळगे उरलेत.

४ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं.

कचेरीत भिंतीतली गळती शोधायची आमची एक रीत होती. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरायची. समोरून काही दिसत नाही, तिरक्या उजेडात फुगवटा, खळगा, सगळं सावली टाकतं. आज दुपारी पडदे लावून, पालथा पडून, तीच बॅटरी मी जमिनीवर धरली.

माझी वाट लगेच दिसली. दारापासून खुर्ची आणि खुर्चीपासून टेबल, फरशी घासून गुळगुळीत झालेली. स्वयंपाकघरात ओट्यासमोर पावलांएवढे दोन खळगे, ते तिचे. तिथून एक पुसटशी वाट मागे जाते, कपाटाला वळसा घालते आणि कपाट नि मागची खिडकी यांच्यामधल्या फटीत संपते. ती फट मी पंधरवड्यापूर्वीच बाहेरून मोजली होती. बासष्ट सेंटिमीटर. प्लॅनवर तिथे ‘निरुपयोगी जागा’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

आत रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला, त्यावर दुमडून शिवलेली गादी. गादीचा मध्यभाग खोल गेलाय. भिंतीवर डोकं टेकतं तिथे तेलकट डाग, बशीएवढा. हाताशी एक खिळा, आणि खिळ्याला तिच्या जुन्या चष्म्याची दोरी अजून अडकलेली. चहाचा कप ठेवून ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर गोल उठलेत, एकावर एक, किती ते मोजता येत नाहीत.

मी त्या डब्यावर बसून पाहिलं. गुडघे कपाटाला लागतात. खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे चार नळ दिसतात, बाकी काहीही दिसत नाही. नळांचा माणूस मी, आणि एवढी वर्षं ते बघत बसली ती. आणि बाहेर हॉलमध्ये, मोठ्या खिडकीशी, माझं टेबल.

मला फार लाज वाटली. रडलोही. ही वही कुणी तपासणार नाही, म्हणून लिहितो.

१२ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस दुसरं काही केलेलं नाही. हॉलची मोठी खिडकी तिला. तिथे रुंद बैठक, पाठीला उतार, डावीकडे चहाला फळी, खाली लोकरीला आणि कापडाला कप्पे. मशीन परत आलं की त्यासाठी जवळच जागा. माझं टेबल त्या बासष्टच्या फटीत. टेबल अर्धं कापावं लागेल, कापीन. मोठ्या खिडकीतून झाड दिसतं, तेही मी पानांसकट काढलं. प्लॅन, घर उभं कापून दाखवणारे चार सेक्शन आणि रंगवलेलं एक चित्र, सगळं गुंडाळून आज पाठवलं.

फोनवर मी आगाऊ काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, एक गंमत येतेय. मन कसं हलकं झालंय. ओट्यासाठी एका गवंड्याशीही बोलून ठेवलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिने स्वतः फोन केला. मंगळवारी, सकाळी दहाला. मी हातातलं सगळं टाकून खाली बसलो.

म्हणाली, नकाशे मिळाले, फार सुंदर काढलेत, लेकीने भिंतीला लावून पाहिले. फटीतली जागा तुम्हाला कशी सापडली, म्हणाली. मी बॅटरीची हकिगत सांगितली. ती ऐकत होती. मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

“अहो, मी परत येणार नाहीये. जानेवारीतच सांगणार होते. कोट मागितला तेव्हा वाटलं, तुम्हाला कळेल. मशीन मागितलं तेव्हा तर खात्रीच झाली. तुम्ही ते इतकं छान बांधून पाठवलंत, नकाशासकट. मला वाटलं, कळलं तुम्हाला, आणि तुम्ही समजून घेतलंत.”

मी विचारलं, माझं काय चुकलं ते सांग, मी बदलतो. ती म्हणाली, चूक अशी नाही हो, भांडण तर आपलं कधीच झालं नाही. तिला इथे यावंसंच वाटत नाही. तिथे तिला एक लहान खोली आहे. दुपारी दार लावून बसते. कुणी हाक मारत नाही.

मी म्हटलं, बरं. गुडघ्याला तेल लावत जा, म्हणाली आणि फोन ठेवला.

४ मार्च, शनिवार

अकरा दिवस काही लिहिलं नाही, कारण काही केलं नाही. कॉलेजला गेलो नाही. पाव, अंडी, चहा. रविवारी अकराला फोनजवळ बसलो होतो, केला नाही, आला नाही.

दुपारी चष्मेवाली आली, पत्ता शोधत. जोडीदार गैरहजर असेल तर तिचेही गुण कापतात म्हणे, म्हणून. बसायला जागा नव्हती, मी दुसऱ्या खुर्चीवरच्या गुंडाळ्या उचलून पलंगावर टाकल्या. मी अभ्यासक्रम सोडतोय, असं तिला सांगितलं. का, तर ग्राहकाने नकार दिला. एवढंच सांगितलं.

तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, एवढंच ना? तिच्या मावशीने तीनदा नाकारलं. पहिल्या वेळी ती पोरगी मावशीशी आठवडाभर बोलली नव्हती, मग तिच्या लक्षात आलं की आपण मावशीला काही विचारलेलंच नाही, नुसतं देत सुटलो होतो. एवढं बोलून ती माझ्या टेबलावरची बिस्किटं खात बसली आणि वर्गातल्या उखाळ्यापाखाळ्या सांगू लागली. तासाभराने गेली. घर एकदम गप्प झालं. ती आणखी थोडी बसली असती तर मला चाललं असतं.

गुंडाळ्या पलंगावरच आहेत. खुर्चीवर परत ठेवल्या नाहीत.

१२ मार्च, रविवार

अकराला फोन केला. आधी कागदावर लिहून ठेवलं होतं काय बोलायचं ते, नाहीतर जीभ अडखळते.

तिला म्हटलं, तुझी तिथली खोली मी कामासाठी घेऊ का? परीक्षा चोवीस तारखेला आहे. तू ये असं मी म्हणणार नाही, मीही तिथे येत नाही. तू मोज, मी इथे लिहून घेतो. नको असेल तर नको म्हण.

मग पावलांचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला. शिवणाची टेप घेऊन आली होती.

फोन बेचाळीस मिनिटं चालला. खोली दोन मीटर सत्तर बाय तीन पंधरा. खिडकी एक, उत्तरेची, जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर. मी विचारायचं, तिने सांगायचं. मध्ये मी एकदा म्हटलं की मशीन भिंतीला लाव, जागा वाचेल. तर म्हणाली, नाही, मला दाराकडे पाठ करून बसायचं नाही. लिहिलं. दोऱ्यांसाठी फळी हवी, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी, आणि उघडी, कारण रंग दिसले पाहिजेत. पडदा नको. आरसा लहान. हे सगळं ती फडाफडा सांगत होती, जणू कधीपासून तयार होतं. एवढं बोलताना मी तिला ऐकलंच नव्हतं, की ती बोलायची आणि मी ऐकत नव्हतो, कोण जाणे.

पलंग किती रुंद, विचारलं. नव्वद, म्हणाली. पेन्सिल जराशी थांबली, पण नव्वदच लिहिलं.

आणखी काही? विचारलं. तर म्हणाली, दाराला आतून कडी. मी म्हटलं, तिथे कोण येतंय तुझ्या खोलीत? लगेच जीभ चावली आणि विचारलं, किती उंचीवर? ती उठून दारापाशी गेली, हात लावून पाहिला आणि म्हणाली, शंभर.

२४ मार्च, शुक्रवार

परीक्षा झाली. बाहेरून एक परीक्षक आले होते, मोठ्या हॉटेलांची कामं करणारे. पोरांनी काय काय आणलं होतं, काचेच्या भिंती, झुलते पलंग, खोलीत कारंजं. माझे चार कागद. एक लहान खोली.

वापराच्या नकाशात या वेळी एकच रंग होता. ठिपके सात. प्रत्येक ठिपका तिने फोनवर सांगितलेला.

परीक्षक कागदाच्या अगदी जवळ गेले. रेघ छान आहे, म्हणाले. मग म्हणाले, यात काही चमक नाही, पण मला एकही चूक सापडत नाही, आणि असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही. मग त्यांनी विचारलं, ग्राहक विवाहित आहे असं इथे लिहिलंय, मग खोलीत दुसऱ्या माणसाला बसायला काहीच कसं नाही? एक खुर्ची तरी टाकायची, दारामागे जागा आहे.

दारामागे जागा होती. पंचेचाळीस बाय साठ. मला ती पहिल्या दिवशीच दिसली होती आणि मी तीन वेळा तिथे खुर्ची काढून तीन वेळा खोडली होती.

“ग्राहकाने मागितलेली नाही,” मी म्हणालो.

ते मान हलवून पुढे गेले. मॅडम मात्र थांबल्या. माझ्या कागदाकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे. त्यांना काय कळलं, किती कळलं, ठाऊक नाही. म्हणाल्या, चहा घेऊन या काका, तुमचा चेहरा उतरलाय.

२ एप्रिल, रविवार

निकाल लागला. वर्गात दुसरा. चष्मेवाली चौथी, मावशीच्या कृपेने.

नकाशे हिला पाठवलेच होते. आज फोनवर म्हणाली, सुताराला दाखवले, तो असेच्या असे करतो म्हणतोय. आणि तिने विचारलं, तुम्ही जेवता काय हल्ली? मी खरं ते सांगितलं. तिने भाजीचं सूप कसं करायचं ते सांगितलं, मी मापांसकट लिहून घेतलं. केलं. बरं झालं, पण चौघांचं झालं.

१६ एप्रिल, रविवार

दुपारी चहा फटीत बसून घेतला. समोरच्या चार नळांपैकी डावीकडून दुसरा सांध्याशी गळतोय, निदान दोन वर्षं गळत असणार, भिंत हिरवी झाली आहे. समोरच्या इमारतीच्या रखवालदाराला जाऊन सांगून आलो. त्याने विचारलं, तुम्हाला कुठून दिसलं? मी सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरातून.

हॉलची खिडकी रिकामीच आहे. टेबल मी बाजूला हलवलं, पण तिथे दुसरं काही ठेववत नाही. नव्या सत्राचं काम मिळालंय, एका वाचनालयाची बसायची खोली. पन्नास माणसांची. पन्नास जणांना विचारावं लागेल. बघू, तेवढाच दिवस जाईल.

३० एप्रिल, रविवार

अकराला मी फोन उचलायच्या आत तो वाजला.

सुताराचं काम शुक्रवारी संपलं. ती म्हणाली, सगळं बसलं, कुठे बोटभर इकडेतिकडे नाही. बसल्या जागेवरून दोऱ्याला हात पोचतो. दुपारी उजेड बरोबर सुईवर येतो. खुशीत होती. आवाजातच ऐकू येत होतं, आणि मला आनंद झाला, आणि त्याच वेळी आतून काहीतरी ओढलं जात होतं, ते कसं लिहायचं मला कळत नाही. मी काढलेल्या खोल्यांपैकी खरोखर बांधली गेलेली ही पहिलीच, आणि ती मी पाहिलेली नाही.

म्हणून धीर करून विचारलं, एकदा बघायला येऊ का? दोन दिवस. नको असेल तर नको म्हण, आपलं ठरलंय.

मागे नातू काहीतरी आपटत होता. मी वाट पाहिली. आता मला वाट पाहता येते.

मग म्हणाली, “या. पुढच्या महिन्याच्या शेवटी या, पोराला सुट्टी असते. तुमची सोय हॉलमध्ये करते, सोफ्यावर. सोफा एकशे ऐंशीचा आहे, तुम्ही एकशे चौऱ्याहत्तर. मावाल.”

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी धरून खूण केली आणि टेप लावली. उंची बरोबर एकशे चौऱ्याहत्तर भरली. मलाही ती आजवर ठाऊक नव्हती.